जन्माआधीचा डाग

गर्भात असताना लागलेल्या काही संसर्गांचा ठसा डोळ्याच्या पडद्यावर जन्मभर राहतो. त्या ठशाच्या कडेने पुढे कधी दहाव्या, कधी पंचविसाव्या वर्षी नको असलेल्या रक्तवाहिन्या उगवतात. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी आणि रुबेला हा विषाणू ही त्यांची दोन परिचित कारणे. पडदा म्हणजे रेटिना. त्याच्या पाठीमागे रंगद्रव्याच्या पेशींचा एक थर असतो, त्यामागे ब्रुखचे अतिशय पातळ आवरण आणि त्याही मागे रक्ताने गच्च भरलेला कोरॉइड. संसर्गाने झालेला व्रण भरून येतो तेव्हा मधे पांढरट, कडेला काळपट असा डाग उरतो आणि त्या जागी ब्रुखचे आवरण फाटलेले असते. जुन्या वाड्याच्या भिंतीला तडा गेला की त्यात पिंपळ रुजतो, तशा कोरॉइडमधल्या वाहिन्या त्या फटीतून पडद्याखाली शिरतात. त्या कच्च्या असतात, झिरपतात, फुटतात. पडद्याच्या मधोमध मॅक्युला नावाचा जेमतेम काही मिलिमीटरचा भाग असतो. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही सगळी कामे त्याची. वाहिन्या तिथे पोचल्या की सरळ रेषा वाकड्या दिसू लागतात. लोकलच्या खिडकीचे आडवे गज मध्येच पोक आल्यासारखे दिसतात, आणि एक डोळा झाकल्याखेरीज हे बहुधा लक्षातही येत नाही.

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात अशा डोळ्यांवरचे उपचार बराच काळ मुंबईच्या हवाली होते. या उपचारांची हकिकत प्रयोगशाळांची आहे, तशीच ती अंतराची आणि फेऱ्यांचीही आहे. किती वेळा जावे लागते यावरच पुढे उपचार कुठे मिळणार हे ठरत गेले.

जंतू माहीत होण्याआधी जन्मजात व्यंगाचे कारण आकाशात शोधले जाई. गरोदर बाईने ग्रहणात चिरू नये, शिवू नये, गाठ मारू नये, घराबाहेर पडू नये हा दंडक कल्याणच्या वाड्यांत तसाच पाळला जाई जसा कोकणात किंवा देशावर. ओठ फाटलेले किंवा डोळा अधू असलेले मूल जन्मले की पहिला प्रश्न आईला, ग्रहण पाळले होते का. या समजुतीला हसणे सोपे आहे. पण गरोदरपणात काहीतरी बाहेरून येते आणि पोटातल्या मुलाला डागते, एवढी निरीक्षणाची बाजू तिच्यात होती. चूक होती ती कारणाची, आणि दोष आईच्या माथी मारण्याची.

१८६५ साली कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांचे पहिले मूल दहा दिवसांचे होऊन गेले, तेव्हा त्या जेमतेम चौदा वर्षांच्या होत्या. मूल का गेले हे शोधण्याची सोय त्या काळी घरात नव्हती आणि दवाखान्यातही नव्हती. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून त्या एम. डी. झाल्या आणि प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. गर्भिणीची काळजी हा वैद्यकाचा विषय आहे हे कल्याणच्या एका मुलीने लिहून ठेवले त्या वर्षी टॉक्सोप्लाझ्माचे नावही कोणाला ठाऊक नव्हते.

ते नाव १९०८–०९ मध्ये पडले. ट्युनिस येथे शार्ल निकोल आणि लुई मांसो यांना गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात हा परजीवी सापडला, आणि त्याच वर्षी ब्राझीलमध्ये अल्फोन्सो स्प्लेंडोरे यांना तो सशात दिसला. माणसाच्या डोळ्याशी त्याची गाठ घालून दिली ती प्रागच्या योसेफ यांकू या नेत्रवैद्याने. १९२३ साली त्यांनी डोक्यात पाणी झालेल्या आणि डोळे लहान राहिलेल्या एका अकरा महिन्यांच्या मृत बाळाचा पडदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यात परजीवीच्या पुटकुळ्या आढळल्याचे लिहिले. लेख झेक भाषेत असल्याने फार थोड्यांनी वाचला. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या वुल्फ, कोवेन आणि पेज यांनी एका नवजात मुलीच्या मेंदूत व डोळ्यांत तोच परजीवी दाखवला आणि तो आईच्या पोटातूनच आल्याचे मान्य झाले.

दोनच वर्षांनी सिडनीत रुबेलाचे कोडे सुटले, आणि तेही डोळ्यांच्याच दवाखान्यात. नॉर्मन ग्रेग यांच्याकडे १९४१ साली जन्मतः मोतीबिंदू असलेली तान्ही मुले एकामागून एक येऊ लागली. बाहेर बसलेल्या आयांच्या बोलण्यात एक गोष्ट सारखी येई, गरोदरपणी अंगावर पुरळ उठले होते. १९४० मध्ये ऑस्ट्रेलियात जर्मन गोवराची, म्हणजेच रुबेलाची, मोठी साथ येऊन गेली होती. ग्रेग यांनी ७८ मुलांची माहिती जमवून मांडली तेव्हा अनेक तज्ज्ञांनी मान हलवली. आयांच्या गप्पांतून शास्त्र निघते हे पचायला वेळ लागला. रुबेलाने पडद्यावर मीठ-मिरपूड भुरभुरल्यासारखे ठिपके येतात. त्यांनी सहसा दृष्टी जात नाही, म्हणून पुस्तकांत त्यांना बराच काळ निरुपद्रवी म्हटले गेले. त्या ठिपक्यांच्या तळाशीही वाहिन्या उगवू शकतात हे मागाहून, एकेक रुग्णाच्या नोंदींतून कळले.

औषधाची सुरुवात अल्बर्ट सेबिन यांच्यापासून होते. पुढे तोंडाने देण्याच्या पोलिओ लसीमुळे घरोघरी पोचलेले हेच ते सेबिन. १९४२ मध्ये त्यांनी सल्फा औषधांनी उंदरांतला टॉक्सोप्लाझ्मा आवरतो हे दाखवले आणि १९४८ मध्ये हॅरी फेल्डमन यांच्याबरोबर रक्तातली प्रतिपिंडे मोजणारी रंगचाचणी काढली. १९५० च्या दशकात पायरिमेथामीन आणि सल्फाडायझीन ही जोडी ठरली. ती अजून सुटलेली नाही, सोबत फॉलिनिक ॲसिड द्यावे लागते एवढेच. भारतात अनेक नेत्रतज्ज्ञ त्याऐवजी कोट्रायमॉक्साझोल देतात, कारण ती गोळी स्वस्त आहे आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्येही मिळते. पाठ्यपुस्तकातला उपचार आणि डोंबिवलीच्या दुकानातल्या फळीवरचा उपचार यांत असे अंतर नेहमीच राहिले आहे, आणि या बाबतीत फळीवरच्या गोळीने काम बरे केले.

१९५२ मध्ये वॉशिंग्टनच्या हेलेनर कॅम्पबेल वाइल्डर यांनी मोठ्या माणसांचे काढून टाकलेले ५३ डोळे पुन्हा तपासले. आधी त्यांच्यावर क्षय किंवा उपदंश अशी चिठ्ठी लागलेली होती. त्यांत टॉक्सोप्लाझ्मा निघाला. मग मत झाले की मोठेपणी दिसणारा हा रोग म्हणजे गर्भातलाच जुना संसर्ग पुन्हा पेटलेला. हे मत काही दशके टिकले आणि नंतर ढिले झाले. परजीवीचा घरमालक मांजर आहे हे ग्लासगोच्या विल्यम हचिसन यांच्या १९६५ पासूनच्या कामातून आणि १९७० च्या सुमारास फ्रेंकेल व भारतात जन्मलेले जितेंदर दुबे यांच्यासारख्या संशोधकांच्या प्रयोगांतून कळले. मांजराच्या विष्ठेतून माती-पाण्यात जाणारी बीजे, कच्चे राहिलेले मांस आणि आईची नाळ हे त्याचे तीन रस्ते. २००४ मध्ये कोइंबतूरला टॉक्सोप्लाझ्माच्या नेत्ररोगाची मोठी साथ आली, २४८ रुग्ण नोंदले गेले आणि संशय नळाच्या पाण्यावर गेला. हा संसर्ग जन्मजात नव्हता, मोठेपणीचा होता. त्यामुळे कल्याणच्या एखाद्या पंचविशीतल्या रुग्णाच्या पडद्यावर जुना डाग दिसला तर तो पोटातून आणलेला की नंतर मिळवलेला, हे नेहमी सांगता येत नाही. दोन्ही डोळ्यांत, मॅक्युलावरच, मोठा डाग असेल तर पारडे जन्माकडे झुकते.

पेटलेला व्रण औषधाने विझतो, पण वाहिनी त्याने आटत नाही. ती आधी दिसायला हवी होती. हेल्महोल्ट्झ यांच्या १८५१ सालच्या ऑफ्थॅल्मोस्कोपने डोळ्याचा तळ दिसू लागला, तरी पडद्याखालची गळती ओळखता आली ती १९६१ नंतर. इंडियानातल्या हॅरॉल्ड नोव्हॉटनी आणि डेव्हिड आल्व्हिस या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी हाताच्या शिरेत फ्लुरोसीन रंग टोचून पडद्याचे फोटो घेतले. शिरेत टोचलेला रंग काही सेकंदांत डोळ्यात चमकतो आणि जिथे वाहिनी कच्ची तिथे पसरतो. रुग्णाची लघवी मग दिवसभर गर्द पिवळी होते. मायामीचे डोनाल्ड गॅस यांनी १९६७ मध्ये अशा चित्रांवरून पडद्याखालच्या वाहिन्यांचे नीट वर्णन केले.

प्रकाशाने जाळून उपचार करण्याची कल्पना मात्र ग्रहणातूनच आली. ९ जुलै १९४५ चे सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहिलेला एक विद्यार्थी हॅम्बुर्गला गेर्ड मायर-श्विकेराथ यांच्याकडे आला. त्याच्या मॅक्युलावर भाजल्याचा नेमका वण होता. सूर्य पडद्याला नेमक्या जागी भाजू शकतो, तर तोच चटका कामाला लावता येईल, असे त्यांनी धरले. १९४९ मध्ये त्यांनी गच्चीवरून आरशांनी ऊन खाली आणून रुग्णाच्या डोळ्यात सोडले. ढग आले की उपचार बंद. पुढे झाइस कंपनीबरोबर झेनॉन दिव्याचे यंत्र झाले आणि १९६८ मध्ये फ्रान्सिस लेस्पेरान्स यांनी आर्गन लेसर डोळ्यासाठी वापरला. लेसरचा ठिपका सूक्ष्म होता, हिरवट निळा होता, आणि रक्त तो चटकन शोषून घेई.

लेसरने पिंपळ जळतो, भिंतही जळते. वाहिनी मॅक्युलाच्या मध्यापासून दूर असेल तर सौदा परवडतो. ती थेट मध्याखाली असेल तर चटक्याने नजर तिथल्या तिथे कायमची जाते, आणि न भाजले तर हळूहळू जाते. गर्भातल्या टॉक्सोप्लाझ्माचा डाग बहुतेकदा नेमका मध्यावर किंवा त्याला खेटून असतो. म्हणून या रुग्णांच्या वाट्याला लेसरचा फायदा कमीच आला. १९९० च्या दशकात पडद्याला छिद्र पाडून खालची वाहिनी चिमट्याने बाहेर काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. २००० साली व्हर्टेपोर्फिन हे प्रकाशाने जागे होणारे औषध आले, शिरेतून देऊन डोळ्यात मंद लेसर सोडायचा. ते महाग होते, आणि रुग्णाला काही दिवस उन्हात निघायला बंदी असे.

या सगळ्या काळात ठाणे-कल्याणचा रुग्ण कुठे जात होता हे मध्य रेल्वेच्या स्टेशनांच्या नावांतच वाचता येते. बोरीबंदर ते ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली, १ मे १८५४ ला ती कल्याणला पोचली. मुंबईत जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून होते, आणि त्याच आवारात कावसजी जहांगीर नेत्र रुग्णालय १८६६ मध्ये उभे राहिले. भायखळ्याला उतरायचे आणि पायी किंवा बसने जे. जे. गाठायचे. परळला उतरले की के. ई. एम., वाडियांचे प्रसूतिगृह आणि मुलांचे रुग्णालय. शीवला उतरले की लोकमान्य टिळक रुग्णालय. तान्ह्या बाळाचे डोळे वाडियात, मोठ्याचे डोळे जे. जे. त, असा ढोबळ हिशेब घराघरांत असे.

कल्याण मुंबईच्या टोकापासून सुमारे ५४ किलोमीटर, डोंबिवली ४८, ठाणे ३४. पडद्याची तपासणी म्हणजे डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या करणे. त्याला अर्धा-पाऊण तास लागतो आणि पुढे काही तास जवळचे दिसत नाही, ऊन डोळ्यांत घुसते. थेंब घातलेल्या माणसाला परतीच्या वेळी फलाटावरचा इंडिकेटर वाचता येत नाही. फास्ट की स्लो, बदलापूर की टिटवाळा, हे बरोबरच्याला विचारावे लागते. म्हणून एका रुग्णाच्या तपासणीत दोन माणसांची रजा जाते. डोंबिवलीत बँकेत, मंत्रालयात किंवा कारखान्यात नोकरी करणाऱ्या घरांना ही रजा मोजून घ्यावी लागे. लेसर मात्र एक-दोन वेळा करायचा असे, त्यामुळे हा प्रवास लोक काढत. लेसरचे यंत्र मोठ्या रुग्णालयातच असणार आणि रुग्ण तिथे जाणार, ही त्या काळची मांडणी होती आणि ती चालून गेली.

ती मोडली ती एका प्रथिनाने. वाहिन्या का उगवतात याचा अंदाज आयझॅक मायकेलसन यांनी १९४८ मध्येच बांधला होता. ऑक्सिजनला मुकलेला पडदा काहीतरी पदार्थ सोडत असला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी त्याला नाव दिले नाही, पुढे तो 'एक्स घटक' म्हणूनच ओळखला गेला. १९७१ मध्ये जुडा फोकमन यांनी कर्करोगाच्या गाठीही स्वतःसाठी वाहिन्या बोलावून घेतात असे मांडले आणि कित्येक वर्षे थट्टा सोसली. १९८३ मध्ये हॅरॉल्ड ड्वोराक आणि डोनाल्ड सेंगर यांनी वाहिन्या झिरपवणारा एक पदार्थ ओळखला, १९८९ मध्ये नेपोलिओने फेरारा यांनी व्हीईजीएफ हे प्रथिन वेगळे काढले, आणि दोन्ही एकच निघाले. त्याला पकडून निकामी करणारे बेव्हॅसिझुमॅब फेब्रुवारी २००४ मध्ये अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झाले. २००५ मध्ये मायामीचे फिलिप रोझेनफेल्ड यांनी तेच औषध थेंबभर प्रमाणात डोळ्यात टोचले. जून २००६ मध्ये खास डोळ्यासाठी घडवलेले रॅनिबिझुमॅब मंजूर झाले. दोन्ही औषधे एकाच घरातली, किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. २०११ च्या अमेरिकेतल्या मोठ्या तुलनेत दोघांचा परिणाम जवळपास सारखाच आढळला.

ही औषधे म्हाताऱ्यांच्या मॅक्युलाच्या रोगासाठी तपासली गेली होती. गर्भातल्या संसर्गाचे रुग्ण थोडे, विखुरलेले, वयाने लहान. त्यांच्यावर मोठी चाचणी करणे कोणाला परवडणारे नव्हते. शिकागोच्या गटाने जन्मजात टॉक्सोप्लाझ्माची मुले १९८१ पासून वर्षानुवर्षे नजरेखाली ठेवली होती. रिमा मॅक्लाउड यांच्या या गटाने आणि नेत्रतज्ज्ञ सहकाऱ्यांनी २००८ मध्ये रॅनिबिझुमॅब आणि परजीवीविरोधी गोळ्या एकत्र दिल्याने अशा वाहिन्या आटल्याचे प्रसिद्ध केले. एकत्र हा शब्द महत्त्वाचा. डागाच्या कडेला परजीवी अजून झोपलेला असू शकतो. नुसते इंजेक्शन दिले आणि तो जागा झाला तर एका आजाराची जागा दुसरा घेतो. म्हणून आधी व्रण पेटलेला आहे का ते पाहायचे, पेटलेला असेल तर गोळ्या आणि त्यांच्या आडोशाने स्टिरॉइड, आणि वाहिनीसाठी इंजेक्शन. म्हातारपणाच्या रोगात इंजेक्शने वर्षानुवर्षे चालतात. संसर्गाच्या डागाकडेची वाहिनी अनेकदा थोडक्या इंजेक्शनांत दबते, मग नुसती पाळत ठेवायची.

इंजेक्शन देण्याची कृती पाहणाऱ्याला भीतिदायक आणि करणाऱ्याला काही मिनिटांची. डोळा बधिर करून पोव्हिडोन आयोडीनने धुतात, पापण्या तारेच्या चिमट्याने उघड्या धरतात. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर मोजून पांढऱ्या भागावर कंपासने खूण करतात आणि केसासारख्या सुईने ०.०५ मिलिलिटर औषध आत सोडतात. रुग्णाला क्षणभर काळे गोळे तरंगताना दिसतात. लगेच विचारतात, बोटे किती? उत्तर बरोबर आले की डोळ्याची नस दाबली गेलेली नाही. घरी जाताना सूचना एकच, काही दिवस डोक्यावरून पाणी घेऊ नका.

ही कृती करायला मोठे रुग्णालय लागत नाही, स्वच्छ शस्त्रक्रियागृह लागते. जोडीला १९९१ साली मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेले ओसीटी यंत्र हवे. ते रंग न टोचता, प्रकाशाच्या परावर्तनाने पडद्याचा उभा छेद दाखवते, त्यामुळे पडद्याखाली पाणी वाढले की उतरले हे दर खेपेला मिनिटभरात कळते. आणि खेपा आता महिन्याच्या महिन्याला होत्या. भायखळ्याला एकदा जाणारा माणूस दर महिन्याला जाईलच असे नाही, आणि इंजेक्शन चुकले की मिळवलेली नजर पुन्हा हातची जाते. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची वस्ती १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर गेली होती. एवढ्या गर्दीत, या औषधांच्या प्रसारानंतरच्या वर्षांत पडद्याचे डॉक्टर ठाण्यात, मग डोंबिवलीच्या फडके रोडसारख्या वर्दळीच्या भागांपर्यंत आणि कल्याणपर्यंत बसू लागले. कोणी आठवड्यातून दोन दिवस, कोणी पूर्ण वेळ. मोतीबिंदू काढणाऱ्या जुन्या दवाखान्यात वरच्या मजल्यावर ओसीटी आले. हा बदल कोणा योजनेने केला नाही. औषधाच्या वेळापत्रकाने केला.

सरकारी बाजू यात मागे राहिली. ठाण्याचे विठ्ठल सायन्ना जिल्हा रुग्णालय, महापालिकेचे कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि त्याला जोडून १९९२ मध्ये सुरू झालेले राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय यांच्यावर बाळंतपणे, अपघात आणि ताप यांचाच भार इतका की पडद्याचा सूक्ष्म उपचार खाजगीतच वाढला.

किमतीचे गणित छोट्या दवाखान्यांना वेगळ्या वाटेने सोडवावे लागले. बेव्हॅसिझुमॅबच्या ४ मिलिलिटरच्या कुपीत १०० मिलिग्रॅम औषध असते आणि एका डोळ्याला लागते १.२५ मिलिग्रॅम. कागदावर ८० डोळे. प्रत्यक्षात कमी, तरीही एक कुपी अनेकांत वाटता येते. म्हणून अनेक ठिकाणी इंजेक्शनचा एक वार ठरला, त्या दिवशी सगळ्यांना बोलवायचे. वाटपात स्वच्छता चुकली तर एका कुपीतून अनेक डोळे एकदम बिघडू शकतात, आणि तशा घटना देशात घडल्या. जानेवारी २०१६ मध्ये गुजरातमधल्या अशा घटनेनंतर औषध महानियंत्रकांनी या वापराविरुद्ध इशारा काढला आणि नेत्रतज्ज्ञांच्या म्हणण्यानंतर काही आठवड्यांत तो मागे घेतला. त्या मधल्या आठवड्यांत ज्यांचे इंजेक्शन अडले त्यांना नियमाची किंमत स्वतःच्या नजरेत मोजावी लागली. त्याआधी २०१५ मध्ये भारतात रॅनिबिझुमॅबची देशी प्रत बाजारात आली होती. जगातली ती पहिलीच. मूळ औषध आणि वाटलेली कुपी यांच्यामधला पर्याय त्यामुळे मिळाला.

वाहिनी आटवण्यापेक्षा डागच पडू न देणे स्वस्त, पण त्याचा इतिहास गोंधळाचा आहे. अमेरिकेच्या आंद्रे नाहमियास यांनी १९७१ मध्ये गर्भातल्या संसर्गांच्या नावांची आद्याक्षरे जोडून 'टॉर्च' शब्द केला. भारतात ती तपासणीच झाली. एक-दोन गर्भपात झालेल्या बाईला टॉर्च करून घ्या असे सर्रास सांगितले जाई आणि जुन्या संसर्गाची प्रतिपिंडे दिसली की औषधे सुरू होत. वस्तुतः जुनी प्रतिपिंडे म्हणजे संरक्षण. गर्भाला धोका असतो तो गरोदरपणातच पहिल्यांदा होणाऱ्या संसर्गाचा. सुरुवातीच्या महिन्यांत तो बाळापर्यंत क्वचित पोचतो पण पोचला तर फार नासधूस करतो, शेवटच्या महिन्यांत सहज पोचतो पण सौम्य असतो. फ्रान्समध्ये प्रतिपिंडे नसलेल्या गरोदर बाईचे रक्त दर महिन्याला तपासतात. भारतात तशी सक्ती नाही.

रुबेलाच्या बाबतीत महाराष्ट्राला प्रत्यक्ष हत्यार हाती होते. स्टॅन्ली प्लॉटकिन यांनी १९६० च्या दशकात तयार केलेला आरए २७/३ हा लसीचा वाण पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये मोठ्या प्रमाणावर बनतो. राष्ट्रीय गोवर-रुबेला मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये गोवा, कर्नाटक, तमिळनाडू यांच्यापासून सुरू झाली आणि २७ नोव्हेंबर २०१८ ला महाराष्ट्रात आली. नऊ महिने ते पंधरा वर्षांखालील सगळी मुले. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या शाळांतून वर्गावर्गांत लस टोचली गेली आणि डाव्या अंगठ्याच्या नखावर शाईची खूण झाली. काही पालकांनी व्हॉट्सॲपवरचे संदेश वाचून मुलांना त्या दिवशी घरी ठेवले, मग शाळांना पालकसभा घ्याव्या लागल्या. त्या वर्षी सातवी-आठवीत लस घेतलेल्या मुली आता आई होण्याच्या वयात येत आहेत.

नवजात बाळांतली व्यंगे वेळीच शोधण्याचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ ला पालघरहून सुरू झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते, स्वतंत्र जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. अंगणवाडी आणि शाळेत जाऊन तपासणाऱ्या या पथकांच्या यादीत जन्मजात मोतीबिंदू आहे, जन्मजात बहिरेपणा आहे, अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा पडदा आहे. टॉक्सोप्लाझ्माचा डाग त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. तिरळा डोळा किंवा नजर न ठरणे यावरून मूल पुढे पाठवले जाते तेव्हा तो सापडतो.

टॉक्सोप्लाझ्माविरुद्ध माणसांसाठी लस नाही. त्यामुळे डाग असलेल्या माणसाला आयुष्यभर वर्ष-सहा महिन्यांनी पडदा दाखवावा लागतो आणि मधल्या काळात घरीच चाचणी करायला सांगतात. एक डोळा झाकून न्हाणीघराच्या फरशीच्या रेघांकडे किंवा दाराच्या चौकटीकडे पाहायचे. रेघ वाकली तर त्याच आठवड्यात दवाखाना.

डाग असलेल्या मुलीचे लग्न ठरताना घरात एक प्रश्न दबक्या आवाजात हमखास येतो, हे पुढच्या पिढीला जाईल का. आईचा संसर्ग जुना असल्याने तिचे शरीर त्याला ओळखते, प्रतिकारशक्ती फार ढासळलेली नसेल तर तो बाळापर्यंत पोचत नाही. अडचण असते ती वाहिनीची. ती गरोदरपणात पुन्हा उगवली तर वाहिन्या रोखणारी औषधे डॉक्टर शक्यतो टाळतात, कारण पोटातल्या बाळाच्या वाढीला वाहिन्याच लागतात. म्हणून अशा मुलींना दिवस राहण्याआधी एकदा ओसीटी करून घ्यायला सांगतात, आणि गरज असेल तर इंजेक्शनांचा हप्ता आधी पुरा करून घेतात.